तारवाले आबा आणि मोटारीचा अर्थ

धुळ्याहून जळगावला जाणारी सर्व्हिस मोटार मी दहा वर्षं चालवली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या बऱ्याच आधी त्या मोटारीच्या चाकामागे बसलो आणि लढाई संपता संपता उतरलो. एवढ्या काळात हजारो माणसं माझ्या पाठीमागच्या बाकांवर बसून गेली. त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे आता पुसट झाले आहेत. पारोळ्याला चढणारा एक म्हातारा मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो. मोटारीच्या विजेबद्दल मला जे काही खरं ज्ञान आहे ते त्याच्याकडून आलेलं आहे, आणि गंमत म्हणजे त्याने स्वतः आयुष्यात कधी मोटार चालवली नव्हती.

सगळे त्यांना आबा म्हणत. डोक्याला पांढरं मुंडासं, खाली धोतर, आणि अंगात रेल्वेचा जुना निळा कोट. कोटाची दोन पितळी बटणं गेलेली, त्या जागी साधी शिंपल्याची लावलेली. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात त्यांचा छोटा मळा होता. जळगावला लेक दिली होती. तिच्याकडे दर आठवड्याला वांग्यांची टोपली घेऊन ते निघत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेच्या तारखात्यात लाइनमन म्हणून काढली होती, चाळीसगाव-धुळे फाट्यावर आणि पुढे भुसावळकडे. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. सुरुवातीला माझ्या दृष्टीने ते वांग्यांचे आबा होते, आणि टोपली टपावर ठेवू देत नाहीत म्हणून थोडे त्रासदायकही होते.

मी शेतकऱ्याचा मुलगा. शेती सोडून मोटारीवर गेलो म्हणून वडील माझ्याशी धड बोलत नव्हते. धुळ्याच्या एका गॅरेजमध्ये तीन वर्षं उस्तादाच्या हाताखाली काढली, परवाना मिळवला, आणि खाकी कोट अंगावर चढला तसा माझा नूर बदलला. घरी आई-बायकोशी अहिराणी बोलायचो, पण मोटारीवर असलो की शहरी मराठी. कोणी खेडूत ‘डायवरभाऊ’ म्हणाला की मी मुद्दाम ‘बोला’ असं ठसक्यात म्हणायचो.

मोटारही ठसक्यातलीच होती. खालची लोखंडी चासी मुंबईहून आलेली, आणि तिच्यावर धुळ्याच्या सुतारांनी सागवानी सांगाडा उभा करून पत्रा ठोकलेला. बॅटरी माझ्या बसण्याच्या फळीखाली. मालकांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांच्या अशा दोन मोटारी होत्या, आणि दोन्हींवर त्यांचा जीव होता.

दसऱ्याच्या आधी मी नानांना म्हटलं, “चासीला रंग देऊ या. गंज धरायला लागलाय.”

“बाहेरच्या रंगाऱ्याला देऊ नकोस,” नाना म्हणाले. “तूच दे. मन लावून करशील.”

आणि मी मन लावूनच केलं. चार दिवस मोटारीखाली पडून चिखल खरवडला, रॉकेलने लोखंड पुसलं. मोठे बोल्ट तेवढे सोडून बाकी जेवढे निघतील तेवढे काढले, खालून-वरून काळा रंग दिला, वाळल्यावर दुसरा हात दिला, आणि मग सगळं जिथल्या तिथे आवळून टाकलं. दुसऱ्या मोटारीलाही तसंच केलं. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून दोन्ही मोटारी उभ्या केल्या तेव्हा नाना खाली वाकून बघत होते. चासी घोड्याच्या पाठीसारखी चमकत होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्याने मी आठवडाभर हवेत होतो.

दिवाळीनंतर माझ्या मोटारीची तक्रार सुरू झाली; दुसरी जड, पण चालू व्हायची. सकाळी सेल्फ म्हणजे स्टार्टर दाबला की इंजिनाने गर्रकन फिरावं, त्याऐवजी नुसतं ‘टक्’ व्हायचं. हँडल मारून चालू करावी लागे. दिवेलागणीला पुढचे दिवे लावले तर ते काजळी धरलेल्या कंदिलासारखे तांबूस पेटायचे. खड्ड्यात चाक गेलं की क्षणभर लख्ख, आणि पुन्हा तांबूस. भोंग्याचा आवाज करडाने ओरडावं तसा. आणि चढावर इंजिन मधूनच ठेचकाळायचं.

धुळ्यात विजेचं काम करणारा एक कारागीर होता. त्याने बॅटरी पाहिली, म्हणाला, संपली. नवी बॅटरी आली. दोन दिवस मोटार बरी चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘टक्’. मग त्याने बॅटरी भरणारा डायनामो उतरवून घेतला, त्याचे ब्रश बदलले. मग सेल्फ उतरवला. त्याच्या टेबलावर जोडला की सेल्फ असा काही घुमायचा की टेबल हलायचं. मोटारीत बसवला की पुन्हा मुका. कारागीर शेवटी म्हणाला, “माझं काम चोख आहे. गाडी चालवणाऱ्याचा हात बघा.”

ते वाक्य नानांच्या मनात रुतलं. त्यात एरंडोलच्या थांब्यावर रोज उतारूंना खाली उतरवून धक्का मारायला लावायची पाळी आली. दुसऱ्या एका मालकाची सर्व्हिस त्याच वाटेवर होती. आम्ही धक्का मारत असताना ती मोटार शेजारून जायची, आणि तिचा ड्रायव्हर गरज नसताना भोंगा वाजवायचा.

अशाच एका दिवशी सगळे उतारू धक्का मारायला मागे उभे राहिले होते आणि आबा मात्र पुढे चाकाजवळ उकिडवे बसून मोटारीच्या पोटात बघत होते. मला राग आला. वय झालंय, धक्का मारू नये हे ठीक, पण वाटेत तरी बसू नये. तेवढ्यात मी सेल्फ दाबून धरला, आणि दुसऱ्या हाताने चोकचं बटण ओढायला गेलो तर बोट असं भाजलं की हात झटकून मी खाली उडी मारली.

आबा उठून जवळ आले. “काय व्हयनं?”

“काही नाही. तार तापलीय.”

“कोनती तार?”

“चोकची. इंजिनाची हवा कमी करायला ओढतात ती.”

“तिनामा करंट शे का?”

“नाही हो आबा. ती नुसती ओढायची तार. विजेचा संबंध नाही तिचा.”

“मंग ती कसाले तपनी?”

उत्तर नसलं की माणूस चिडतो, तसा मी चिडलो. “आबा, गाडीत बसा. उशीर होतोय.”

ते आत बसले. जळगाव येईपर्यंत टोपली मांडीवर धरून ते माझ्या बसण्याच्या फळीकडे बघत होते.

त्या आठवड्याच्या शेवटी नानांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “तुझ्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. पण रोज चार माणसं मला थांबवून सांगतात, तुमची मोटार ढकलावी लागते. जळगावला एक ड्रायव्हर आहे, जुना माणूस. रविवारी मी तुझ्याच मोटारीने जातो आणि त्याला घेऊन येतो. सोमवारपासून तो चालवेल.”

घरी गेलो. बायकोला सांगितलं नाही. वडील ओट्यावर होते, त्यांच्या समोरून आत जाताना मला वाटलं, यांना हे कळलं तर ते काहीच बोलणार नाहीत, आणि तेच सगळ्यात वाईट असेल.

पडल्या पडल्या ती तापलेली तार आठवत राहिली. जिच्यात वीज नाही ती तार भाजते. आबांनी एक साधा प्रश्न विचारला होता, आणि महिनाभर धावपळ करणाऱ्या आम्हां कोणाला तो सुचला नव्हता.

शनिवारी माझी मोटार धुळ्यातच उभी असायची. मी दुसऱ्या गाडीने पारोळ्याला उतरलो आणि आबांच्या खेड्याची वाट चालू लागलो. ते मळ्यात वांग्यांना पाणी देत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. फावडं ठेवलं, पाय धुतले आणि म्हणाले, “ये भाऊ. पह्यले जेव.”

आबांच्या बायकोने, म्हणजे आजीने, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. जेवताना मला कधी अहिराणी फुटली ते कळलंही नाही. सगळं सांगून टाकलं. बॅटरी, डायनामो, सेल्फ, नानांचं बोलणं, सोमवार. माझं संपल्यावर आबांनी तारखात्यातली एक गोष्ट सांगितली. ती मी माझ्या भाषेत सांगतो.

रेल्वेच्या तारेसाठी खांबांवरून एकच तार जाते. वीज त्या तारेने एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात पोचते, पण परत यायला तिला दुसरी तार नसते. ती जमिनीतून परत येते. त्यासाठी दर स्टेशनामागे एक धातूची पाटी खोल पुरलेली असते आणि तिला तार जोडलेली असते. त्या जोडणीला साहेब लोक ‘अर्थ’ म्हणत. एका कडक उन्हाळ्यात एका लहान स्टेशनात तारेचं यंत्र मंद पडलं. साहेबाने वीस मैलांवरचे खांब तपासायला माणसं लावली. चार दिवस माणसं खांबांवर चढत-उतरत राहिली. आबा तेव्हा तिशीतले. ते खांबांकडे गेलेच नाहीत. स्टेशनामागे गेले आणि पाटी पुरलेल्या जागची माती हातात घेतली. ती विटेच्या भुकटीसारखी कोरडी होती. त्यांनी विहिरीवरून घागरी आणून त्या जागी ओतायला सुरुवात केली. तिसाव्या की चाळिसाव्या घागरीला आत टेबलावरचं यंत्र खणखणीत वाजू लागलं.

“साहेब माले इचारस,” आबा म्हणाले, “तार कोठे तुटेल व्हती? मी म्हन्तं, साहेब, तुटेलच नव्हती.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुनी मोटारनी बी तशीच गत शे. येवानी वाट बठ्ठासनी दखी. जावानी वाट कोन्ही दखी का?”

विजेची येण्याची वाट सगळ्यांनी पाहिली होती, परत जाण्याची कोणीच नाही. अर्थ हा शब्द मी शाळेत शिकलो होतो, तो कवितेखाली लिहायचा. गॅरेजमध्ये उस्ताद म्हणायचे, ‘बॉडीला अर्थ दिलाय,’ आणि मी मान हलवायचो. बॅटरीच्या एका टोकाची जाड तार सेल्फला आणि दिव्यांना जाते हे मला माहीत होतं. दुसऱ्या टोकाची विणलेली तांब्याची पट्टी चासीच्या लोखंडाला बोल्टने आवळलेली असते, हेही माहीत होतं. म्हणजे मोटारीचं सगळं लोखंड हीच परतीची तार. त्या वाटेवर कुठेही पट्टी नीट टेकली नसेल तर वीज अडून बसणार, आणि मिळेल त्या वाटेने परत जायला बघणार. चोकची बिचारी बारीक तार इंजिनापासून चासीपर्यंत गेलेली. सेल्फची सगळी वीज तिच्यातून जायला लागली, म्हणून ती तापली.

“हाई दुखनं कवा सुरू व्हयनं?” आबांनी विचारलं.

“दिवाळीनंतर.”

“तेन्हा आगोदर काय करं व्हतं मोटारले?”

“रंग दिना व्हता, आबा.”

“कोन्ही?”

“मीच.”

“बोल्टना खाले बी?”

“खाले बी. दोन हात.”

ते हसले नाहीत. मला वाटलं, हसतील. म्हणाले, “चांगला रंग दिना तू. आते सकाय मी पारोळाले येस.”

रविवारी हँडल मारून मोटार धुळ्याहून निघाली. नाना पुढे माझ्या शेजारी बसले होते, तोंड बाहेर करून. पारोळ्याला जेवणाचा थांबा असायचा. तिथे लिंबाखाली आबा उभे होते. आज वांग्यांची टोपली नव्हती, कापडी पिशवी होती. पिशवीतून त्यांनी एक कानस, एक पाना, काचपेपरचा तुकडा आणि दोन लांब तारा जोडलेला मोटारीचा एक छोटा बल्ब काढला.

“हे कोण?” नाना म्हणाले.

“आबा आहेत. तारखात्यात होते.”

“मग तारखात्यात जाऊ दे त्यांना. माझ्या मोटारीला पुष्कळ हात लागून झाले.”

आबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी माझ्या बसण्याची फळी उचलून बाजूला ठेवली. बल्बची एक तार बॅटरीच्या त्या टोकाला लावली जिथून पट्टी चासीला गेली होती, आणि दुसरी तार इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवून धरली. मला म्हणाले, “दाब.”

मी सेल्फ दाबला. ‘टक्’ झालं, आणि आबांच्या हातातला बल्ब पेटला.

“नाना,” आबा शांतपणे म्हणाले, “आठे या. दखा. हाऊ दिवा लागाले नको.”

नाना नाइलाजाने वाकले. हा दिवा लागायला का नको, ते आबांनी त्यांना सावकाश, एकेक शब्द सुटा करून समजावलं. बल्बची दोन्ही टोकं ज्या दोन जागी लावली आहेत, त्या दोन जागा म्हणजे खरं तर एकच असायला हव्यात. मधे धडधाकट तांबं आणि लोखंड असेल तर वीज या इवल्या दिव्यातून कशाला जाईल? ती दिव्यातून जाते आहे, म्हणजे तिची खरी वाट बंद आहे. नानांनी तो बल्ब स्वतःच्या हातात धरून बघितला. “पुन्हा दाब,” मला म्हणाले. पुन्हा पेटला.

मग आबा मोटारीखाली शिरले. सत्तरीच्या आसपासचा माणूस, पण सापासारखा सरकत गेला. पट्टीचा बोल्ट सोडवला आणि म्हणाले, “नाना, आते हाई दखा.” पट्टीखाली माझा काळा रंग होता. चकचकीत, कुठे ओघळ नाही, फुगवटा नाही. त्याच्या कडेने पांढरट-हिरवी बुरशी जमली होती.

“पट्टीखालीही रंग कोणी लावला?” नानांनी विचारलं.

आबा कानस पुसत बसले. ते सांगणार नव्हते, हे मला दिसलं. धुळ्याच्या कारागिराचं नाव घेऊन मी सुटू शकलो असतो. पण त्या माणसाने माझ्यासाठी उन्हात चार मैल चालत येऊन मोटारीखाली आडवं व्हावं आणि मी खोटं बोलावं, हे जमेना.

“मी, नाना,” मी म्हणालो. “दसऱ्याला. माझीच चूक आहे.”

नाना उठून बाजूला झाले.

आबांनी कानशीने रंग काढला, मग काचपेपर घासला, आणि लोखंड रुपयासारखं पांढरं दिसेपर्यंत थांबले नाहीत. पट्टीचं टोकही तसंच घासलं. उतारूंमध्ये जळगावचा एक सोनार होता. तो खाली वाकून निरखत होता. म्हणाला, “आता खरं साफ झालं. आम्हीसुद्धा दागिना जोडायला डाग देताना असंच घासतो. मळ राहिला तर डाग धरत नाही.” आबांना ते फार आवडलं. त्यांनी त्या सोनाराकडे बघून मान डोलावली, जणू खात्यातलाच माणूस भेटला.

पट्टी आवळली, मी सेल्फ दाबला. महिन्याभरात पहिल्यांदा इंजिन गर्रकन फिरलं आणि लागलं. उतारू ‘चला, चला’ करत चढायला लागले. मीही चाकाकडे धावलो.

“थांब,” आबा म्हणाले. “बंद कर.”

त्यांनी बल्ब पुन्हा लावला. या वेळी इंजिन आणि चासी यांच्यामध्ये. दाबल्यावर तो अगदी मंद, उदबत्तीच्या टोकाएवढा पेटला.

“आबा, चालू झाली ना,” नाना म्हणाले. “आता जाऊ द्या. माणसं खोळंबलीत.”

“आज चालू व्हयनी, नाना. आठ दिनमा परत बंद पडी.”

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं होतं, म्हणजे इंजिन आणि चासी यांचं लोखंड एकमेकांना लागतच नव्हतं. त्यांना जोडणारी एक छोटी पट्टी होती, तिच्याखालीही माझा रंग. ती झाली. मग उजवा दिवा, मग डावा, मग मागचा, मग भोंगा. सुतारांनी केलेला सांगाडा लाकडाचा, त्यामुळे मागच्या दिव्याची परतीची तार पार चासीपर्यंत आणलेली होती. ती जिथे आवळली होती तिथे तर रंगाचे दोन्ही हात शाबूत होते. प्रत्येक जागी तेच. सोडवायचं, घासायचं, आवळायचं, चाकाचं थोडं ग्रीस वरून चोपडायचं म्हणजे हवा-पाणी शिरत नाही, आणि मग बल्ब लावून बघायचं. बल्ब पेटला नाही की आबा “हां” म्हणायचे आणि पुढच्या जागी सरकायचे. घाई नाही, थकवा नाही. एका जागी बोल्टच्या आट्यांत रंग गेला होता, तर त्यांनी धोतराचा दोरा काढून आट्यांतून ओढला.

मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मनात धुळ्याचं ते टेबल येत होतं. आम्ही प्रत्येक वस्तू मोटारीतून काढून तपासली होती, आणि प्रत्येक वस्तू चांगली निघाली होती. या माणसाने एकही वस्तू काढली नाही. त्याने फक्त दोन वस्तू जिथे एकमेकींना टेकतात तेवढ्या जागा बघितल्या.

दुसऱ्या मालकाची मोटार मागून आली. नाना उतारूंना म्हणाले, “ज्यांना घाई असेल त्यांनी त्या गाडीने जा.” कोणी हललं नाही. तान्हं मूल घेतलेली एक बाईसुद्धा म्हणाली, “आते व्हवू द्या पुरं.” कापसाचा एक दलाल मडगार्ड धरून उभा होता आणि आबा म्हणतील तसा ते उचलत होता.

सगळं झाल्यावर आबांनी मला दिवे लावायला सांगितले. भर उन्हातही ते पांढरे दिसत होते. मी भोंगा दाबला तर लिंबावरचे कावळे उडाले आणि सगळी माणसं हसली. नानाही हसले, मग त्यांना जळगावला वाट बघणारा ड्रायव्हर आठवला.

पुढच्या बाकावर आबा आमच्या दोघांच्या मधे बसले. एरंडोल गेलं, मोटार थांब्यावर बंद केली, पुन्हा एका दाबात लागली. नाना म्हणाले, “आबा, धुळ्याला चला. माझ्या दोन्ही मोटारी तुमच्या हवाली करतो. खोली देतो.”

“मना मळामा वांगा शेतस, नाना,” आबा म्हणाले. “तेसले पानी कोन दी?”

नानांनी आणखी दोनदा विचारलं. आबांनी दोनदा तेच सांगितलं, आवाज न चढवता.

जळगावच्या स्टँडवर तो दुसरा ड्रायव्हर वळकटी घेऊन तयार उभा होता. नाना त्याला बाजूला घेऊन गेले. मी बॉनेटजवळ उभा राहून लांबूनच बघत होतो. दोघांनी चहा घेतला. मग त्या माणसाने वळकटी उचलली आणि तो शहरात निघून गेला. नाना माझ्याकडे आले. खाली वाकून चासी पाहिली.

“दुसऱ्या मोटारीलाही तूच रंग दिला होतास ना?”

“हो नाना.”

“बोल्टच्या खाली?”

“हो.”

“मग बुधवारपर्यंत तो खरवडून काढ.”

माफीचं म्हणून ते एवढंच बोलले. पुढे कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

दुसऱ्या मोटारीचा रंग मी एकट्याने काढला. सगळ्या जागा मला पाठ झाल्या होत्या. आबांचा बल्ब मी मागून आणला होता, आणि दर जागी “हां” म्हणून पुढे जात होतो. बुधवारी ती मोटारही अशी लागली की तिच्या ड्रायव्हरला वाटलं, मी सेल्फ बदलला.

त्यानंतर मी आबांकडे जात राहिलो. आधी महिन्यातून एकदा, मग जमेल तेव्हा. ते शिकवत असं नाही. मी काही अडलेलं सांगायचो, ते ऐकायचे आणि एखादा प्रश्न विचारायचे. त्यांचा प्रश्न इतका साधा असायचा की आपल्याला तो आधी का सुचला नाही याचीच लाज वाटायची. त्यांना लिहिता-वाचता बेताचंच येत होतं. मोटारीच्या पुस्तकातली चित्रं मी दाखवली की ते बोटाने तार पकडायचे आणि बॅटरीतून निघून पुन्हा बॅटरीत येईपर्यंत बोट उचलायचे नाहीत. चित्रात परतीची वाट दाखवलेली नसली, नुसती खाली तीन आडव्या रेघा मारून सोडलेली असली, की त्यांना ते पटत नसे. “आठे कोठे गयं?”, म्हणजे इथून कुठे गेलं, असं विचारत, आणि मी सांगेपर्यंत पान उलटू देत नसत.

लढाई आली आणि सामान मिळेनासं झालं. पेट्रोल तुटपुंजं, म्हणून मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बांधून मोटारी चालू लागल्या. त्या भट्टीच्या धुरात आणि धक्क्यांत तांब्याच्या पट्ट्या चार-सहा महिन्यांत तुटायच्या. नवी पट्टी मुंबईतही मिळेना. साधी जाड तार लावली तर ती इंजिनाच्या थरथरीने मोडायची. विणलेलीच पट्टी हवी. मी ही अडचण आबांच्या ओट्यावर सांगत होतो. जवळ आजी नातीची वेणी घालत बसली होती.

तिने मान वर न करता विचारलं, “बारीक तारना वेन्या घालाले काय व्हस?”

आबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आमच्या जुन्या फुटक्या केबलींत केसांसारख्या बारीक तांब्याच्या तारा असायच्या. पुढच्या खेपेला मी तसल्या केबलींचं एक भेंडोळंच घेऊन गेलो. आजीने तारा मोकळ्या केल्या, चिंचेच्या पाण्याने धुतल्या, त्यांचे सारखे पेड केले, आणि पाच पेडांची चपटी वेणी घातली. दोन्ही टोकांना आबांनी डाग देऊन बोल्टसाठी भोकं पाडली. ती पट्टी माझ्या मोटारीत दीड वर्ष टिकली. कारखान्यातली कधी एवढी टिकली नव्हती.

मग मी दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगितलं. आमच्याशी शर्यत करणाऱ्या सर्व्हिसचा तो भोंगा वाजवणारा ड्रायव्हरही एकदा केबलींचं भेंडोळं काखेत मारून आबांचं घर विचारत आला. आजीने त्यालाही भाकरी वाढली.

आबा लढाई संपली त्या हिवाळ्यात गेले. तीन-चार दिवसांचा ताप, बस. मला पारोळ्याच्या थांब्यावर एका उतारूने सांगितलं. मी तोपर्यंत नानांची मोटार सोडून जळगावला मोटारींच्या विजेचं स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि त्या दिवशी गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला धुळ्याला चाललो होतो. गाडी तिथेच उभी करून खेड्यात गेलो. मळ्यातली वांगी कोणीतरी भिजवलेली होती. ओट्यावर खूप माणसं होती, पण त्यांतली निम्मी मोटारीवरची होती. खाकी कोट घातलेली, मला तोंडओळखीची. एवढी माणसं त्यांच्याकडे येत होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

महिन्याभराने मी आजीला भेटायला गेलो. पिशवीत केबलींचं एक भेंडोळं होतं, ते तसंच परत न्यायचं ठरवून मी ती पिशवी दाराबाहेरच ठेवली होती. आजीने ती पाहिली. उठून आत घेऊन आली, तारा मांडीवर पसरल्या, आणि पेड करता करता तिने विचारलं, “कितली लांब जोयजे?”

मी दोन्ही हात समोर धरून माप दाखवलं.